हौसेला मोल किती?



'छंद आणि खर्च' हा विषय चालकांनी माझ्याकडे दिला तेव्हा मी जरा बुचकळ्यात पडलो. कामगार संघटनेच्या माणसाने पगारावर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर महागाईभत्त्यावर बोलावे. छंदांवर त्याने काय बोलावयाचे? परंतु विचार करू लागलो तसे ध्यानात आले की, हा विषय आमच्या घरचाच आहे. छंदाला लागतो फावला वेळ, आणि फावला वेळ ही वस्तू कामगाराला कोणी दान म्हणून दिलेली नाही. ती त्याने भांडून मिळवलेली आहे. म्हणून आज मी खर्चाविषयी बोलणार आहे, पण आधी वेळाविषयी बोलणार आहे.

आपल्याकडे 'हौसेला मोल नाही' अशी म्हण आहे. दुकानदार तिचा अर्थ असा लावतो की, हौस आहे ना, मग किंमत विचारू नका. मी तिचा अर्थ जरा वेगळा लावतो. हौस विकत मिळत नाही, म्हणून तिला मोल नाही. विकत मिळते ते हौसेचे सामान. सामान आणि हौस या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे आपण विसरलो की खिसाही रिकामा होतो आणि हौसही फिटत नाही. मला आज सांगावयाचे आहे ते एवढेच.

प्रथम थोडा इतिहास. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी पहाट होताच भोंगा व्हायचा आणि दिवेलागणीपर्यंत यंत्रे चालायची. आठवड्याची सुट्टी ही गोष्टच ठरलेली नव्हती. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतून पुढे आलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या वतीने मागण्यांचा अर्ज तयार केला. रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास तरी विसावा मिळावा, पगार वेळेवर मिळावा, अशा साध्या मागण्या होत्या. पुढे १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगार जमले. स्त्री कामगारही त्या सभेत बोलल्या. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी सकाळी चहा पीत पेपर चाळतो तो रविवार असा आलेला आहे.

दिवसाच्या तासांची गोष्टही तशीच. आठ तास काम, आठ तास मनोरंजन, आठ तास विश्रांती ही वाटणी इंग्लंडात रॉबर्ट ओवेन याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात मांडली. ती आपल्याकडे कायद्यात उतरायला शतकाहून अधिक काळ लागला. १९२२ साली आठवड्याचे ६० तास झाले, १९३४ च्या कायद्याने ५४ झाले, १९४६ साली ४८ झाले, आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने त्या ४८ तासांवर स्वतंत्र भारताचे शिक्कामोर्तब झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. विश्रांती आणि फुरसत हा माणसाचा हक्क आहे, असे त्याचे २४ वे कलम सांगते.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती फारशी कोणाला ठाऊक नसते. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन ठरवण्याची कसोटी घालून दिली. माणशी २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वीस टक्के. यात करमणुकीचे नावसुद्धा नव्हते. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सांगितले की, मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार व किमान करमणूक, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरले पाहिजेत. म्हणजे गरिबाच्या करमणुकीला पगाराच्या हिशेबात जागा मिळायला चौतीस वर्षे गेली. म्हणून मी येथे काटकसरीचे कीर्तन करावयास आलेलो नाही. कामगाराला हौसमौज कशाला हवी, असे म्हणणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांतले बहुतेक स्वतःच्या हौसेत काही कमी करणारे नव्हते. माझा झगडा हौसेशी नाही. कष्टाने मिळवलेला वेळ आपण हौसेच्याच नावाने परत विकून टाकतो, त्याच्याशी आहे.

तो कसा विकला जातो, याचे एक उदाहरण देतो. आमच्या कचेरीत एक तरुण कंत्राटी कामगार आला. म्हणाला, "काका, कॅमेरा विकायचाय. कोणी गिऱ्हाईक असलं तर सांगा." त्याला पक्ष्यांचा नाद. गावाबाहेरच्या तळ्यावर हिवाळ्यात बदके उतरतात, त्यांचे फोटो काढावेत म्हणून त्याने ४५,००० रुपयांचा कॅमेरा हप्त्यांवर घेतला होता. मी विचारले, "घेतल्यापासून किती रविवार तळ्यावर गेलास?" तो म्हणाला, "एकपण नाही, काका. हप्ता भरायचा म्हणून रविवारी ओव्हरटाइम करतो."

मंडळी, याचा हिशेब आपण मांडू. त्याचा पगार महिना १५,००० रुपये. सव्वीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला पडले सुमारे ७२ रुपये. या दराने ४५,००० रुपयांचा कॅमेरा म्हणजे सुमारे सव्वासहाशे तासांचे काम, पुरते ७८ दिवस. ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा, हे कायदा सांगतो, पण कंत्राटदाराच्या हजेरीपटावर ते दुप्पट फार वेळा एकपटच होते. तेव्हा पक्षी पाहण्यासाठी जो रविवार हवा होता, तोच रविवार कॅमेऱ्यापायी गेला. लोखंड्यांनी जो मिळवून दिला तो या पोराने स्वखुशीने परत केला, आणि बदल्यात पेटीत बंद असलेले एक यंत्र घेतले. बदके बिचारी आली आणि गेली.

हा प्रश्न आज अधिकच निकडीचा झाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तासांवर नेली. त्याविरुद्ध काय करावयाचे ते आम्ही संघटनेत पाहूच. परंतु ज्याच्या डोक्यावर हप्ते आहेत तो माणूस जादा तासांना 'नको' म्हणू शकत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे. कर्जात बुडालेल्या कामगाराला मालकाने बांधून ठेवण्याची गरज पडत नाही.

आता हप्त्यांविषयी दोन शब्द. 'बिनव्याजी हप्ते' अशी पाटी आपण पाहतो. २०१३ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. ते व्याज कोठेतरी लपलेले असते. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती हप्तेवाल्याला मिळत नाही, किंवा ते 'प्रक्रिया शुल्क' म्हणून वेगळे काढले जाते. क्रेडिट कार्डाची गोष्ट याहून वाईट. समजा, कार्डावर २०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. व्याज झाले ७००, त्यावर अठरा टक्के जीएसटी १२६, मिळून ८२६. आता तुम्ही किमान रक्कम म्हणून १,००० रुपये भरलेत, तर मुद्दल फिटले फक्त १७४ रुपये! ऋण काढून सण करू नये, हे आपल्या आज्या-पणज्या सांगत होत्या. त्यांनी कार्ड पाहिले नव्हते, सावकार पाहिला होता.

पण पहिली वस्तू घेतली म्हणजे खर्च संपला, असेही होत नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दिदरो नावाचा मोठा विचारवंत होऊन गेला. त्याने १७६९ साली आपल्या जुन्या झग्याच्या आठवणीने एक गमतीदार निबंध लिहिला. त्याला एक भरजरी नवा झगा मिळाला. तो अंगात घातल्यावर जुनी खुर्ची मळकट वाटू लागली, म्हणून ती बदलली. मग मेज बदलले, भिंतीवरची चित्रे बदलली, आणि अखेर सगळी खोली बदलून हा गृहस्थ जुन्या झग्यासाठी हळहळत बसला. आपण याला 'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' म्हणतो. कॅमेऱ्यामागे भिंग येते, भिंगामागे तिवई, तिवईमागे पिशवी. सायकलमागे हेल्मेट येते, तेथवर ठीक आहे, ते डोक्यासाठी आहे, पण पुढे शर्ट, चष्मा आणि मनगटावरचे घड्याळ येते, आणि या सगळ्या साजाला शोभेल अशी सायकल हवी म्हणून पुन्हा सायकलच बदलली जाते.

मग बिनखर्चाचा, निदान कमी खर्चाचा छंद शक्य आहे का? शक्य आहे, आणि त्याची शाळा याच राज्यात होती. ती म्हणजे मुंबईचे गिरणगाव. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पंधरा-वीस गाळेकरी, जेवायला खानावळ, पगारातला मोठा हिस्सा गावी मनिऑर्डरने जायचा. तरी तेथे भजनी मंडळे होती, कोकणातल्या लोकांची नमने आणि जाखडी होती, घाटावरच्यांचे तमाशे होते, आखाडे होते, कामगार रंगभूमी होती. हे परवडले कसे? मंडळाची पेटी एक, पखवाज एक, टाळांचे दहाबारा जोड. ते सारे वर्गणीतून घेतलेले आणि मंडळाच्या मालकीचे. एकट्याने पेटी विकत घेतली असती तर त्याला ती जड गेली असती, आणि घेतली असती तरी एकट्याने कोणापुढे वाजवली असती? सामान सामाईक असल्यामुळे खर्च वाटला गेला. एवढेच नव्हे, तर सामानाच्या निमित्ताने माणसे रोज एकत्र आली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि दत्ता गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले ते या मातीत. अण्णा भाऊंना शाळा जवळजवळ मिळालीच नव्हती. त्यांच्याजवळ काय होते? डफ, आवाज आणि समोर बसलेली माणसे. १९५३ च्या कायद्यातून जे कामगार कल्याण मंडळ उभे राहिले, त्यानेही केंद्रे, वाचनालये आणि नाट्यस्पर्धा यांना आधार दिला, तो याच परंपरेला.

कोणी म्हणेल, भजनाचे ठीक आहे, पण काही छंदांना उपकरण लागतेच. खरे आहे. दुर्बिणीशिवाय आकाश फारसे उलगडत नाही. त्यासाठी विल्यम हर्शेलची गोष्ट ऐका. हा धंद्याने वादक. इंग्लंडात बाथ या गावी संगीताच्या शिकवण्या करायचा. ताऱ्यांचा नाद लागला तेव्हा त्याने लहान दुर्बीण भाड्याने आणून पाहिली. मोठ्या आरशाची किंमत विचारली तर ती आवाक्याबाहेर. तेव्हा त्याने आरसे घासण्याची हत्यारे मिळवली आणि घरातच आरसे घासावयास बसला. त्याच हातघडणीच्या दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ रोजी घरामागच्या बागेतून त्याला युरेनस हा ग्रह दिसला. येथे क्रम लक्षात घ्या. आधी भाड्याची दुर्बीण, मग नाद पक्का झाला, मग हाताने घडवण्याचे कसब, आणि मग मोठे साधन. आपण हा क्रम उलटा करतो. आधी मोठे साधन घेतो आणि मग नाद लागण्याची वाट पाहतो.

तरीही प्रत्येकाने आरसे घासत बसावे असे मी म्हणत नाही. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. अशा संस्थेची एक दुर्बीण शेकडो लोकांना शनीची कडी दाखवते. ज्याने त्याने आपापली दुर्बीण घेऊन माळ्यावर टाकण्यापेक्षा हे शहाणपणाचे नाही काय?

हर्शेलच्या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आरसा घासताना त्याला हात उचलता येत नसे, तेव्हा त्याची बहीण कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवीत असे. घरात कोणाचाही छंद चालतो तेव्हा कोणीतरी दुसऱ्याने आपला वेळ त्यात घातलेला असतो. आपल्या घरी ते कोण असते, हे येथे बसलेल्या पुरुषांना मी सांगावयास नको. नवऱ्याचा रविवार ट्रेकला जातो आणि बायकोचा रविवार डबा करण्यात आणि परत आल्यावर चिखलाचे कपडे धुण्यात जातो. हाही खर्चच आहे, फक्त तो वहीत लिहिला जात नाही. कॅरोलिनने पुढे स्वतः दुर्बीण हाती घेतली, १७८६ साली पहिला धूमकेतू शोधला आणि एकूण आठ शोधले. तिच्या वाट्याला थोडा वेळ आला तेव्हा हे घडले. मार्च २०२३ पासून आपल्या एसटीत स्त्रियांना निम्मे तिकीट झाले. त्याचा उपयोग केवळ माहेरी आणि दवाखान्यात जाण्यासाठी का व्हावा? एखाद्या रविवारी घरातली बाई मैत्रिणींबरोबर किल्ला पाहावयास गेली, आणि घरच्या पुरुषाने भात लावला, तर छंदाच्या हिशेबात मोठीच दुरुस्ती होईल.

संग्रहाच्या छंदाविषयीही विचारले जाते, कारण तेथे विकत घेणे हाच छंद वाटतो. पुण्याचे दिनकर केळकर चष्म्यांच्या धंद्यातले आणि वृत्तीने कवी. त्यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवावयास सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकाची भांडी. ज्या वस्तूंकडे लोकांनी जुनेर म्हणून पाठ फिरवली होती त्यांत त्यांना कारागिराचा हात दिसला. पुढे हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. आज राजा केळकर संग्रहालय पाहताना आपण थक्क होतो ते किमतीमुळे नव्हे. साध्या अडकित्त्याकडे असे पाहता येते, हे आपल्याला ठाऊक नव्हते म्हणून. अशी नजर कोणत्याच दुकानात मिळत नाही.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. आम्ही करार करताना कलमे घालतो, तशी ही कलमे समजा.

पहिले कलम, नव्या छंदाचे पहिले सहा महिने उसन्या किंवा जुन्या साधनावर काढावे. सहा महिन्यांनीही नाद टिकला तर तो खरा. न टिकला तर नुकसान झाले नाही.

दुसरे कलम, छंदासाठी कर्ज काढू नये, हप्ता बांधू नये. घरासाठी, शिक्षणासाठी, आजारपणासाठी कर्ज काढावे लागते, तो नाइलाज आहे. छंदाला नाइलाज नसतो. महिन्याला ठरावीक रक्कम वेगळ्या डब्यात टाकावी, आणि डबा भरेल तेव्हा वस्तू आणावी. तोवर ती वस्तू नको झाली, असेही पुष्कळदा होते.

तिसरे कलम, किंमत रुपयांत विचारू नये, तासांत विचारावी. ही वस्तू माझे किती तास घेणार, आणि मला किती तास देणार? तबला दहा वर्षे रोज तासभर साथ देतो, म्हणून तो महाग वाटला तरी स्वस्त पडतो. वर्षातून एकदा बाहेर निघणारा तंबू स्वस्त मिळाला तरी महागच पडतो.

चौथे कलम, हात सुधारला की मग हत्यार बदलावे. आमच्या कारखान्यातला कसबी फिटर जुन्या कानशीवर जे काम काढतो ते नवशिक्याला नव्या यंत्रावर साधत नाही. साधनाची अडचण खरोखर कोठे होते, हे हातालाच कळते. जाहिरातीला ते कळत नाही.

बंधुभगिनींनो, न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तिच्या मागून गावोगावी अशा माला निघाल्या. ऐकण्याचा हा आपला छंद दीडशे वर्षे चालला आहे. त्याला लागले काय? एक अंगण, काही सतरंज्या, आणि आपल्यासारखे श्रोते. तेव्हा अशा कामाचा आपल्याला सराव आहे. म्हणून चालकांना माझी एक विनंती आहे. आपल्या प्रत्येकाच्या माळ्यावर एखादी वस्तू निजलेली आहे. कोणाची पेटी आहे, कोणाची द्विनेत्री दुर्बीण, कोणाचा कॅरमबोर्ड, कोणाचे रंग, कोणाचे शिवणयंत्र. ती खाली काढा. आपल्या वाचनालयात एका कपाटाची जागा आहे असे मी ऐकतो. पुस्तकांप्रमाणे या वस्तूही नोंद करून, थोडी अनामत ठेवून, पंधरा दिवसांसाठी देण्याची सोय करावी. सुरुवातीला दहा वस्तू जमल्या तरी पुरे. तो कॅमेरावाला पोरगा अजून गिऱ्हाईक शोधतो आहे. तळ्यावर हिवाळ्यात बदके पुन्हा येतील, तेव्हा त्याला एखादी द्विनेत्री मिळाली आणि रविवार मोकळा मिळाला, तर त्याचे काही अडणार नाही.

द्विनेत्रीची सोय आपण करावी. रविवारची लढाई आम्ही लढत आहोत, त्यातही आपला हातभार असू द्यावा.